कपाटातल्या फाइली संगणकात नेताना: सिंधुदुर्गातल्या लहान धंद्याला खर्च किती आणि कुठे

जूनमध्ये बंद केलेलं ऑफिसचं कपाट चतुर्थीच्या तोंडावर उघडलं की आतल्या फाइलींची काय दशा झालेली असते, हे मालवण-वेंगुर्ल्याकडे कुणाला सांगायला नको. पुठ्ठे मऊ पडतात. टाचण्यांना गंज चढतो आणि त्याचा तपकिरी डाग चार-पाच पानं भेदून खाली उतरतो. पेट्रोल पंपावरच्या आणि कार्ड मशीनच्या गुळगुळीत पावत्या पांढऱ्याफटक झालेल्या असतात, कारण त्यांच्यावर शाई नसतेच. अक्षरं उष्णतेने उमटवलेली असतात आणि उष्णतेनेच पुसट होत जातात. वाळवी आणि कसर लागली तर उरलेलं काम त्या करतात.

म्हणून होमस्टेवाले, काजू कारखानदार, आंब्याचे व्यापारी, बोटमालक सगळेच कधी ना कधी म्हणतात, "एकदाचं सगळं कॉम्प्युटरात टाकूया." मग कोटेशन मागवलं जातं आणि माणूस बिचकतो. एकाच कपाटासाठी एक जण पंधरा हजार सांगतो, दुसरा दीड लाख. फरक पडतो तो कामात नेमकं काय धरलंय यावर: नुसतं स्कॅनिंग, की टाचण्या काढणं, पानं क्रमाने लावणं, नावं घालणं, तपासणं आणि पुढची काही वर्षं सॉफ्टवेअरचं भाडं.

या सगळ्यात कागदांच्या संख्येबरोबर वाढत जातो तो माणसाच्या हातांचा खर्च, यंत्राचा किंवा सॉफ्टवेअरचा नव्हे. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर स्वस्त स्कॅनर शोधत बसू नका. कोणते कागद स्कॅन करायचेच नाहीत, ते आधी ठरवा.

आधी मोजपट्टी

कागद किती आहेत हे कुणालाच माहीत नसतं आणि ठेकेदार तिथेच आकडा फुगवतो. मोजण्याची पद्धत सोपी आहे. झेरॉक्सच्या ५०० कागदांच्या रिमची जाडी साधारण ५ सेंटिमीटर असते. म्हणजे घट्ट रचलेल्या एका फुटात तीन हजार कागद मावतात. फाइलीत पुठ्ठे, टाचण्या, दुमडलेले कोपरे असतात, म्हणून फुटाला दोन हजार धरा. तीन फुटांचे चार कप्पे भरलेले असतील तर तुमच्याकडे चोवीसेक हजार कागद आहेत. दोन्ही बाजूंनी छापलेले किती, याचा अंदाज पाच फाइली उघडून घ्या, कारण दर कागदावर लागत नाही, पानावर लागतो.

आता हे चोवीस हजार कमी करायचे.

जे कागद सरकारकडून पुन्हा मिळतात ते स्कॅन करण्यात दमडी घालवू नका. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो आणि दहा वर्षांपूर्वीच्या तलाठ्याच्या सही-शिक्क्याच्या प्रतीपेक्षा तोच जास्त उपयोगी पडतो. उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी नोंदणी, अन्न परवाना हे त्या-त्या पोर्टलवरून मूळ पीडीएफ रूपातच उतरवून घ्या. पॅन, वाहनाचं आरसी बुक, लायसन्स डिजीलॉकरमध्ये येतात, आणि तिथे खात्यानेच दिलेला दस्तऐवज २०१६च्या नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. तुम्ही स्वतः फोटो काढून तिथे चढवलेल्या कागदाला मात्र तो दर्जा नाही. हा फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि ऐन वेळी खोळंबा होतो.

जीएसटीची जुनी विवरणपत्रं पोर्टलवर कायम राहतील असं धरून चालू नका. सात वर्षांपर्यंतचीच ठेवायची असं तिथलं धोरण आहे. एका दुपारी बसून सगळी उतरवून घ्या.

दुसरी चाळणी मुदतीची. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. २०२४-२५ या वर्षाची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती, म्हणजे त्या वर्षाची बिलं ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत सांभाळायची. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकालानंतर आणखी एक वर्ष. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी कायद्याने आठ आर्थिक वर्षं. यापेक्षा जुनी खरेदी-विक्रीची बिलं, मालाच्या पावत्या, ट्रान्सपोर्टच्या चिठ्ठ्या यांचं काय करायचं ते सीएंना विचारा, त्यांच्याकडून लेखी होकार घ्या आणि स्कॅन न करताच काढून टाका. बहुतेक कपाटांतला निम्मा माल इथेच संपतो.

उरतात ते जिवंत कागद: चालू कर्ज, विमा, नोकरांची हजेरी आणि पगार, चालू करार, बोटीची नोंदणी, जागेचे दस्त. जागेच्या बाबतीत आपल्याकडे एक खास गोष्ट आहे. एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस सहहिस्सेदार, निम्मे मुंबईला, काही बडोद्याला. कुणाची संमती कधी घेतली, कुणाचं कुळ लागलं, आजोबांच्या वेळी वाटणी तोंडी झाली की कागदावर, हे सांगणारे पिवळे कागद कुठल्याही पोर्टलवर नाहीत. त्यांत मोडीतले दस्तही असतात. हे मात्र एकही न सोडता रंगीत स्कॅन करा, साध्या करड्या छटेत नको. शाई फिकी झालेली असेल तर रंगीत प्रतीतच ती वाचता येते. पन्नास-शंभर कागदांचं हे काम असतं. ते स्वतः करा, ठेकेदाराच्या गठ्ठ्यात टाकू नका.

स्कॅन झालं म्हणून फाडू नका

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता देतो आणि हिशेबाची कागदपत्रं त्या रूपात ठेवायची मुभा जीएसटी कायद्यातही आहे, फक्त रीतसर बॅकअप हवा. तरी काही कागद मूळ रूपातच लागतात. मृत्युपत्र, ट्रस्ट डीड आणि घरगुती कामाचं मुखत्यारपत्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत. नोंदणीकृत खरेदीखत, बक्षीसपत्र, भागीदारीचा करार, स्टँपपेपरवरचे भाडेकरार, बँकेचं कर्ज फेडल्याचं पत्र हे सगळं स्कॅन करा आणि मूळ कागद जपून ठेवा. वाद कोर्टात गेला की न्यायाधीश आधी मूळ कागद मागतात.

जे मुळातच फोनवर किंवा मेलवर आलं, त्याचं उलट. ऑर्डरचा मेल, बँकेचं स्टेटमेंट, पाहुण्याने पाठवलेलं बुकिंग छापून फाइलीला लावायचं आणि मूळ डिलीट करायचं, ही सवय सोडा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशी नोंद पुरावा म्हणून द्यायची तर तिच्यासोबत ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात त्या फाइलची संगणकीय ओळख, म्हणजे हॅश व्हॅल्यू, नोंदवावी लागते. मूळ फाइलच नसेल तर हे कसलं प्रमाणपत्र देणार?

स्कॅनिंगचे दर

इथले आकडे साधारण बाजारभावाचे आहेत. घेण्याआधी त्या दिवसाचा भाव बघा.

रोजचे दहा-पंधरा कागद असतील तर फोन पुरेसा आहे. गुगल ड्राइव्हच्या ॲपमध्येच स्कॅनची सोय आहे, वेगळे पैसे नाहीत. एक करा: कागद खिडकीजवळ सपाट ठेवा, ट्यूबखाली नको, सावली पडते. काचेचा साधा स्कॅनर साडेचार ते सहा हजारांत येतो. तो एका तासात शंभरेक पानं करतो, म्हणजे जुना गठ्ठा उपसायला निरुपयोगी, पण जुन्या नाजूक दस्तांना उत्तम. कागद आपोआप ओढणारा स्कॅनर पंचवीस ते चाळीस हजारांना पडतो. खोक्यावर मिनिटाला तीस पानं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात टाचण्या काढणं, कोपरे सरळ करणं आणि चिकटलेली पानं सोडवणं धरून एक माणूस दिवसाला हजार पानं करतो, फार तर बाराशे.

बाहेरून करून घेतलं तर साध्या ए-फोर पानाला ७५ पैसे ते दोन रुपये, वर १८ टक्के जीएसटी. नावं घालून हवी असतील तर पानामागे आणखी पन्नास पैसे ते एक रुपया. मोठी रजिस्टरं, नकाशे, पातळ कार्बन कॉपी यांचे दर वेगळे, ते आधी विचारून घ्या. कोल्हापूर किंवा पणजीहून येणाऱ्यांना यंत्र तुमच्याकडे आणायला सांगा. चार-दोन हजार जास्त मागतील, ते द्या. मूळ कागद टेंपोत घालून घाट उतरवणं-चढवणं मला पटत नाही.

छापील मराठी मजकूर संगणकाने वाचून शोधण्याजोगा करून देणारी सोय आता बरी चालते, आणि ती फुकटातही मिळते. हाताने लिहिलेल्या पावत्या, मासळीच्या लिलावाच्या चिठ्ठ्या, किर्दीतलं अक्षर यांवर ती भरवशाची नाही. "सगळं सर्चेबल करून देऊ" म्हणून कुणी पानाला जादा दर लावत असेल तर तुमच्याच दहा हस्तलिखित पावत्यांवर ते समोर करून दाखवायला सांगा.

वेळेचं गणित आपल्याकडे जरा अवघड आहे. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, किल्ल्याच्या आणि स्कूबाच्या बोटी पावसाळ्यात किनाऱ्याला, होमस्टे रिकामी. माणसं मोकळी असतात ती तेव्हाच. पण तेव्हा कागद ओलसर असतो, पानं एकमेकांना चिकटतात आणि यंत्रात दोन-दोन ओढली जातात. त्यातलं एक पान कायमचं सुटतं आणि कुणाला कळतही नाही. म्हणून पावसात छाननी करा, टाचण्या काढा, टाकायचं ते वेगळं करा. स्कॅनिंग चतुर्थीनंतर, ऑक्टोबरच्या उन्हात, दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत उरका.

नाव घालणं: इथेच काम फसतं

दहा हजार पानं स्कॅन झाली आणि संगणकात "स्कॅन०००१", "स्कॅन०००२" अशा फाइली पडल्या, तर पैसे पाण्यात गेले. कपाटात निदान पुठ्ठ्याचा रंग तरी आठवायचा. "ती फाइल खंय ठेवलंस?" हा प्रश्न तसाच राहतो, फक्त आता तो कॉम्प्युटरसमोर उभं राहून विचारला जातो.

लहान धंद्याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, एक शिस्त लागते. आर्थिक वर्षाचा फोल्डर, त्यात सहा-सात फोल्डर, त्याहून जास्त नकोत: खरेदी, विक्री, बँक, कर, नोकर, परवाने. जागेचे दस्त वर्षात घालू नका, त्यांचा कायमचा वेगळा फोल्डर. फाइलीच्या नावात आधी तारीख, तीही वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, मग कोण, मग काय, मग नंबर. काजू बी खरेदीचं एक बिल असं दिसेल: "२०२५-०४-१८ (व्यापाऱ्याचं नाव), काजू बी खरेदी, बिल ११८". वर्ष पुढे असल्यामुळे फाइली आपोआप तारखेप्रमाणे लागतात. व्यापाऱ्याचं नाव एकाच पद्धतीने लिहायचं. एकदा "शेठ", एकदा आडनाव, एकदा दुकानाचं नाव असं केलंत तर शोधताना तिन्ही आठवावी लागतील. ठरलेली नावं एका कागदावर लिहून टेबलाजवळ चिकटवा.

हे काम बाहेरच्या पोराला जमत नाही. "उचल" म्हणजे नोकराची आगाऊ रक्कम की माल उचलल्याची चिठ्ठी, हे तुमच्या हिशेबनीसालाच कळतं. म्हणून स्कॅनिंग कुणीही करो, नावं घालायला घरचा माणूस बसवा आणि त्याचे दिवस खर्चात धरा. कोटेशनमध्ये हा खर्च कधीच नसतो, आणि काम अर्धवट राहतं ते याच कारणाने.

मागचं उपसण्याआधी पुढचं सुरू करा. १ एप्रिलपासून येणारा प्रत्येक कागद त्याच दिवशी स्कॅन झाला पाहिजे. ही सवय तीन महिने टिकली तरच मागच्या वर्षांवर पैसे घाला.

ठेवायचं कुठे

करड्या छटेतलं ३०० डीपीआयचं एक पान तीनशे ते पाचशे केबी होतं. दहा हजार पानं म्हणजे तीन ते पाच जीबी. गुगलची फुकट मिळणारी १५ जीबी मेल आणि फोटोंसह मोजली जाते, म्हणून १०० जीबीचा प्लॅन घ्या. वर्षाला तेराशेच्या आसपास. तीन-चार जणांना वेगवेगळे अधिकार द्यायचे असतील तर धंद्याच्या नावाचं खातं घ्या, माणशी महिना दीडशे ते तीनशे रुपये. यापुढचं, मंजुरीच्या पायऱ्या आणि कुणी काय उघडलं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, पतसंस्था किंवा पन्नास-शंभर नोकरांचा कारखाना यांच्यासाठी आहे.

खातं भाच्याच्या जीमेलवर उघडू नका. तो पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला, की तुमचा धंदा त्याच्या पासवर्डमध्ये अडकतो. वैयक्तिक गुगल खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते काढून टाकण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. व्हॉट्सॲप ग्रुपला कपाट समजू नका. फोन बदलला की जुनी बिलं उघडतीलच असं नाही.

इंटरनेटवरची एकच प्रत आपल्याकडे पुरत नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती, आणि नुकसानभरपाईसाठी कागद तर त्याच दिवसांत लागत होते. उलट, प्रत घरातच असेल तर २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत काय झालं ते आठवा. पाणी वर चढलं तसे कागदही गेले आणि संगणकही. २१ जून २०१२ च्या आगीत तर मंत्रालयातल्या फाइली जळाल्या. म्हणून तीन प्रती: एक संगणकावर, एक इंटरनेटवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. एक टीबीची डिस्क पाच-सहा हजारांना मिळते. महिन्यातून एकदा प्रत घेतली की ती काढून ठेवायची, सतत जोडलेली राहिली तर संगणकातला व्हायरस तिच्यातही शिरतो. शक्य असेल तर दोन डिस्क घ्या आणि एक मुंबईच्या नातेवाइकाकडे ठेवा. चतुर्थीला आणि शिमग्याला माणसं येतातच, तेव्हा डिस्क बदलून घ्यायची. घरातली डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. खारट हवेने जोडणीचे पिन खराब होतात.

होमस्टेवाल्यांसाठी एक गंभीर गोष्ट. पाहुण्यांच्या आधारच्या झेरॉक्स वर्षानुवर्षं पडून असतात आणि मग रद्दीत जातात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि संगणकात घेतलेली ती माहिती जपायची जबाबदारी तुमच्यावर येते. आधारचे शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क केलेली प्रत मागा. परदेशी पाहुण्याची माहिती तशीही चोवीस तासांत ऑनलाइन भरावी लागते. जुन्या झेरॉक्स बारीक कापून टाका. कापायचं यंत्र चार ते आठ हजारांना मिळतं, किंवा चुलीत घाला.

दोन धंद्यांचा हिशेब

तारकर्ली-देवबागकडचं पाच खोल्यांचं होमस्टे घ्या. छाननीनंतर तीन हजार पानं उरली. फोनवर स्कॅन करायला कॉलेजातला मुलगा सात दिवस, रोजचे पाचशे, म्हणजे ३,५००. हार्ड डिस्क ५,०००. १०० जीबी जागा १,३००. एकूण ९,८००, आणि पुढच्या वर्षापासून फक्त तेराशे. यापेक्षा जास्त खर्च करायचं या धंद्याला काहीच कारण नाही.

वेंगुर्ल्याकडचा काजू कारखाना. चोवीस हजारांतली दहा हजार पानं जिवंत. आपोआप ओढणारा स्कॅनर ३०,०००, माणूस दहा दिवस सहाशेने ६,०००, हिशेबनीस नावं घालायला पाच दिवस आठशेने ४,०००, दोन डिस्क १०,०००, यूपीएस ३,५००, तिघांचं खातं महिना अडीचशेने वर्षाला ९,०००. एकूण ६२,५००. छाननी न करता चोवीसच्या चोवीस हजार केली असती तर आणखी चौदा दिवसांची मजुरी आणि सात दिवसांचा हिशेबनीस, म्हणजे वर १४,००० गेले असते, आणि शोधताना निरुपयोगी कागदांचा ढीग कायमचा आडवा आला असता.

याच कारखान्याने मागचं काम दीड रुपया दराने बाहेर दिलं तर जीएसटीसह १७,७००, आणि रोजच्यासाठी पाच हजारांचा काचेचा स्कॅनर. म्हणजे स्कॅनर आणि माणूस मिळून ३६,००० ऐवजी २२,७००. रोजचे कागद वीसपेक्षा कमी असतील तर मी हाच मार्ग घेईन. हंगामात दिवसाला शंभर पावत्या फाटत असतील तर मोठा स्कॅनर दोन वर्षांत पैसे वसूल करतो.

बाहेर काम देताना करारात चार गोष्टी लिहून घ्या: फाइली पीडीएफमध्येच मिळतील, त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या रूपात नाही, कागद आधी मोजून दिले-घेतले जातील, काम संपल्यावर ते त्यांच्या संगणकावरची प्रत पुसतील, आणि पंचवीस टक्के पैसे तपासणीनंतर. तपासणी अशी: गठ्ठ्यातून डोळे मिटून वीस कागद काढा, हिशेबनीसाला ते संगणकात शोधायला लावा आणि घड्याळ लावा. मिनिटाभरात सापडला नाही, वाचता आला नाही किंवा मागची बाजू राहिली असेल तर तो कागद बाद. विसांत दोन बाद निघाले तर अख्खा गठ्ठा त्यांनी फुकट पुन्हा करायचा. ही अट ऐकूनच जो नाही म्हणेल त्याला काम देऊ नका.